जव्हार-मोखाड्यातल्या कार्यालयांसाठी: संगणकात उतरलेला मेल सांभाळताना

जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातल्या एखाद्या आश्रमशाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, महाविद्यालयाच्या किंवा सामाजिक संस्थेच्या मेलबॉक्समध्ये काय काय साठलेले असते ते एकदा शांतपणे पाहा. शिष्यवृत्तीसाठी पाठवलेली मुलामुलींची यादी असते. तिच्यात जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खाते, सगळे एका ओळीत. वनहक्क दाव्यांची स्कॅन केलेली पाने असतात. रोजगार हमीच्या मजुरांची नावे आणि जॉबकार्ड क्रमांक असतात. तीव्र कुपोषित बालकांच्या वजन-उंचीचे तक्ते आणि गरोदर मातांच्या तपासणीचे कागद असतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. तेव्हापासून इथल्या लेकरांची मोजमापे कोणी ना कोणी घेत आणि वर पाठवत आले आहे.

ज्यांची ही माहिती आहे त्यांतल्या बहुतेकांनी कधी ई-मेल लिहिलेला नाही. दिवाळीनंतर कुटुंबासह वीटभट्टीवर जगायला गेलेल्या बाईला, आपल्या आधारची प्रत कोणत्या कार्यालयातल्या कोणत्या संगणकात पडून आहे, हे विचारण्याचीही सोय नसते. ती प्रत सांभाळायची जबाबदारी त्या संगणकासमोर बसणाऱ्यावर येते. तो संगणक परिचालक असेल, शाळेतला लिपिक असेल, संस्थेची कार्यकर्ती असेल. हा लेख तुमच्यासाठी आहे. संगणकावर चालणाऱ्या मेल-प्रोग्रॅममध्ये गेल्या काही वर्षांत सुरक्षिततेच्या आणि खासगीपणाच्या बऱ्याच चांगल्या सोयी आल्या आहेत. त्यांतल्या काही आपोआप चालू असतात, पण कामाच्या बऱ्याचशा आपण स्वतः चालू कराव्या लागतात.

आपल्या भागात संगणकावरच्या मेल-प्रोग्रॅमला खास महत्त्व आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी मोखाड्याहून पालघरला कागद देऊन यायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे जे मेलने जाईल ते मेलने पाठवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. पावसाळ्यात लाईट आणि रेंज दोन्ही बेभरवशाची असतात. ब्राउझरमध्ये मेल उघडणाऱ्याचे काम रेंज गेली की थांबते. थंडरबर्ड किंवा आउटलुकसारखा प्रोग्रॅम मात्र मेल संगणकात उतरवून ठेवतो. रेंज असताना मेल घ्यावा, नसताना वाचावा, उत्तरे लिहून ठेवावीत आणि रेंज आली की ती जावीत, असे काम खोडाळ्यात काय किंवा साखरशेतला काय, सोयीचे पडते. पण याचाच दुसरा अर्थ असा की त्या सगळ्या याद्यांची पूर्ण प्रत तुमच्या टेबलावरच्या संगणकात आहे.

आणि ती प्रत बहुधा उघडी आहे. थंडरबर्ड मेल साध्या मजकुराच्या मोठमोठ्या फायलींमध्ये साठवतो. विंडोजला पासवर्ड असला तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की त्या फायली वाचता येतात. संगणक दुरुस्तीला नाशिकला पाठवला, जुना डबा भंगारात दिला, कार्यालयात चोरी झाली, तर मेलसकट सगळे गेले. इथे अनेकांची एक समजूत चुकते. थंडरबर्डमध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवायची सोय आहे, ती चालू केली की मेल कुलूपबंद झाला असे वाटते. तो पासवर्ड फक्त प्रोग्रॅमने जतन केलेल्या लॉगिनच्या किल्ल्यांना लागतो. किल्ल्यांची पेटी कुलुपात आणि कपाट सताड उघडे, अशी ती अवस्था आहे. प्रायमरी पासवर्ड जरूर ठेवा, कारण तो नसेल तर संगणकावर बसणारा कोणीही सेटिंग्जमध्ये जाऊन जतन केलेले पासवर्ड पाहू शकतो. पण कपाटाला कुलूप लावायचे असेल तर संपूर्ण डिस्कच कूटबद्ध करावी लागते, म्हणजे ती किल्लीवाचून वाचता येणार नाही अशी करून ठेवावी लागते.

विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर असते. होम आवृत्तीच्या बऱ्याच नव्या संगणकांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ नावाची सोय सेटिंग्जमध्ये सापडते. लिनक्स बसवतानाच डिस्क कूटबद्ध करायचा पर्याय विचारला जातो, त्याला होय म्हणा. काहीच नसेल तर व्हेराक्रिप्ट हा फुकट प्रोग्रॅम आहे. बिटलॉकर चालू करताना ४८ अंकी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर छापून कार्यालयाच्या तिजोरीत किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा, आणि कोणाच्या ताब्यात दिली याची नोंद करा. ती हरवली आणि संगणकाने मागितली तर आतले काहीही परत मिळत नाही. लाईट सारखी जात असलेल्या ठिकाणी हे काम सुरू करण्याआधी सगळ्याची बॅकअप प्रत घ्या आणि यूपीएसवर किंवा चार्ज झालेल्या लॅपटॉपवरच सुरू करा. मला विचाराल तर या लेखातली एकच गोष्ट करायला वेळ असेल तर हीच करा.

डिस्कवर मुळात साठा किती ठेवायचा हेही आपल्या हातात असते. खाते जोडताना आयमॅप आणि पॉप अशा दोन पद्धती असतात. आयमॅपमध्ये मूळ मेल सर्व्हरवर राहतो आणि इथे त्याची प्रत येते. पॉपमध्ये मेल उतरवून घेतला जातो आणि सेटिंग तसे असेल तर सर्व्हरवरून पुसलाही जातो. त्यानंतर डिस्क गेली की मेल गेला. आयमॅपच घ्या. थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ या पानावर फक्त अलीकडच्या ठरावीक दिवसांचे मेल संगणकात उतरवायचा पर्याय आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांचे मेल जवळ असले की रोजचे काम अडत नाही, आणि २०१७ सालची लाभार्थी यादी विनाकारण डिस्कवर पडून राहत नाही. पण जपून: त्याच पानावर खाली जुने मेल पुसून टाकण्याचेही पर्याय आहेत. ते निवडले तर सर्व्हरवरची मूळ प्रतही पुसली जाते. दोन्हींतला फरक वाचूनच हात लावा.

पुसलेल्या मेलबद्दलही एक गोष्ट माहीत असावी. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट करून कचरापेटी रिकामी केली, तरी त्याचा मजकूर फायलीत काही काळ तसाच राहतो. फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ केले की तो खरोखर निघतो. प्रोग्रॅम हे काम अधूनमधून आपणहून करतो, पण पुरेशी जागा सुटणार असेल तेव्हाच. एखादी संवेदनशील यादी पुढे पाठवून झाली आणि जवळ ठेवायची गरज नसेल, तर पुसा, कचरापेटी रिकामी करा आणि कॉम्पॅक्ट करा. डाउनलोड्स फोल्डर विसरू नका. मेलमधून उघडून पाहिलेल्या निम्म्या याद्या तिथेच साठलेल्या सापडतात.

आता खात्यात शिरण्याबद्दल. पूर्वी मेल-प्रोग्रॅममध्ये पासवर्ड एकदा टाकला की तो तिथे कायमचा बसत असे, आणि प्रोग्रॅम दर वेळी तोच सर्व्हरकडे पाठवत असे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही पद्धत बंद करायला सुरुवात केली आणि मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. ‘अचानक आउटलुक चालेनासे झाले’ अशी तक्रार तेव्हा अनेक ठिकाणी झाली, तिचे कारण बहुधा हे होते. नव्या पद्धतीचे नाव ओऑथ. प्रोग्रॅम एक खिडकी उघडतो, तुम्ही थेट गूगलच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉगिन करता, आणि प्रोग्रॅमला पासवर्डऐवजी फक्त एक परवाना मिळतो. संगणक चोरीला गेला तर दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन तेवढा परवाना रद्द करता येतो. थंडरबर्डमध्ये जीमेल जोडताना ही पद्धत आपोआप निवडली जाते. जुन्या जोडणीत ‘नॉर्मल पासवर्ड’ दिसत असेल तर सर्व्हर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ओऑथ २’ करा. हा बदल येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलसाठी वेगवेगळा करावा लागतो.

त्याबरोबर दुहेरी पडताळणी हवीच. इथे अडचण अशी सांगितली जाते की ओटीपीचा एसएमएसच येत नाही, फोन घेऊन टेकडीवर जावे लागते. यावर सोपा उपाय आहे. फोनमधले ऑथेंटिकेटर ॲप दर ३० सेकंदांनी नवा सहा अंकी आकडा दाखवते, आणि त्याला ना रेंज लागते ना इंटरनेट. फोनचे घड्याळ बरोबर असले म्हणजे झाले. सूर्यमाळच्या ज्या कोपऱ्यात एसएमएस पोहोचत नाही तिथेही आकडा तयार होतो. शिवाय गूगल दहा बॅकअप कोड देते, प्रत्येक एकदाच चालणारा. ते छापून रिकव्हरी कीच्या शेजारी ठेवा. फोन पाण्यात पडला तर तेच कामी येतात.

पडताळणीचा फोन कोणाचा, हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी थोडे थांबणार आहे. अनेक शाळांचे आणि ग्रामपंचायतींचे मेल-खाते कोणीतरी काही वर्षांपूर्वी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर काढलेले असते. मग त्या ग्रामसेवकांची बदली होते, ते शिक्षक दुसऱ्या तालुक्यात जातात, करार संपल्यावर संगणक परिचालक काम सोडतो. खाते कार्यालयाच्या नावाचे असते आणि त्याची किल्ली माणसाबरोबर निघून जाते. त्यात गैरहेतू कोणाचाच नसतो. पण तो क्रमांक रिचार्ज न झाल्याने बंद पडला, तर काही काळाने कंपनी तो दुसऱ्याच ग्राहकाला देते, आणि पासवर्ड बदलण्याचा एसएमएस अनोळखी माणसाच्या हातात पडू शकतो. आज कार्यालयातल्या प्रत्येक खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रिकव्हरी क्रमांक आणि रिकव्हरी मेल कोणाचे आहेत ते पाहा. कार्यालयाच्या नावावर एक सिम घ्या, ते चालू ठेवा. एकाच्या नावावर सगळे ठेवण्यापेक्षा दोन जबाबदार माणसांकडे ऑथेंटिकेटर असू द्या. पदभार देता-घेताना चावी, शिक्के आणि नोंदवह्यांची यादी करतो, त्यातच मेल-खात्याची एक ओळ घाला: पासवर्ड बदलला, जुन्या संगणकांचे आणि फोनचे परवाने रद्द केले, रिकव्हरी क्रमांक बदलला. खाली दोघांच्या सह्या.

ग्रामपंचायतींनी इथे आणखी एक गोष्ट पाहावी. ई-ग्रामस्वराजवरून होणाऱ्या देयकांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे जे डोंगल असतात, ते कित्येकदा संगणकालाच लावून ठेवलेले दिसतात, आणि त्यांचा पिन मॉनिटरला चिकटवलेला. मेलमधून घुसलेला एखादा घातक प्रोग्रॅम त्याच संगणकात असेल तर काय होईल याची कल्पना करा. काम झाले की डोंगल काढून कुलुपात ठेवायचे.

सरकारी मेल-खाते असेल तर ते थंडरबर्डला जोडण्याआधी जिल्ह्याच्या एनआयसी कार्यालयाला विचारा. त्या खात्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. आणि उलट बाजूने, सरकारी कामासाठी खासगी मेल-सेवा वापरू नये असे केंद्राचे ई-मेल धोरण २०१५ पासून सांगते. प्रत्यक्षात तालुक्यापासून खाली बरेच काम कोणाच्या तरी जीमेलवरून चालते हे सगळ्यांना माहीत आहे. ते लगेच बदलणार नसेल तर निदान ते खाते कार्यालयाचे असावे, कोणा एकाचे घरगुती नसावे.

प्रोग्रॅम कोणता घ्यावा? माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या छोट्या कार्यालयांसाठी थंडरबर्ड. तो फुकट आहे, २००४ पासून आहे, त्याचा आतला कोड कोणालाही तपासता येतो आणि त्याच्या सुधारणा नियमित येतात. बाजारातून क्रॅक करून बसवलेले ऑफिस आणि त्यातले आउटलुक वापरत असाल तर ते आज काढा. क्रॅकच्या फायलींतून व्हायरस येतो हे एक, आणि अशा प्रतीच्या सुधारणा अनेकदा मुद्दाम बंद करून ठेवलेल्या असतात हे दुसरे. मेल-प्रोग्रॅममध्ये सुधारणा न येणे किती महागात पडते याचे उदाहरण फार जुने नाही. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधली एक चूक दुरुस्त केली. खास तयार केलेला मेल नुसता येऊन पडला, वाचणाऱ्याने तो उघडलाही नाही, तरी आठवणीच्या घंटीचा आवाज आणायच्या निमित्ताने संगणक हल्लेखोराच्या सर्व्हरशी बोलायला जाई आणि लॉगिनची कूट-माहिती त्याला देऊन बसे. ‘मी अनोळखी मेल उघडतच नाही’ ही खबरदारी तिथे काहीच उपयोगाची नव्हती. दुरुस्ती बसवलेली असणे, हाच खरा बचाव होता.

जुन्या संगणकांचे काय, हा इथला खरा प्रश्न. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्या जानेवारी २०२० पासून मिळत नाहीत, आणि थंडरबर्डची ११५ वी आवृत्ती ही त्यावर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती. विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नवा संगणक घ्यायला निधी नसेल तर त्याच जुन्या डब्यावर लिनक्स बसवा. लिनक्स मिंट किंवा उबंटू मराठीत टाइप करू देते, थंडरबर्ड आणि लिब्रेऑफिस त्यावर उत्तम चालतात. महाविद्यालयात संगणक शिकणारी मुले एका दुपारी हे काम करून देऊ शकतील.

विंडोजबरोबर येणारा ‘मेल’ नावाचा साधा प्रोग्रॅम ३१ डिसेंबर २०२४ नंतर बंद झाला आणि त्याच्या जागी ‘न्यू आउटलुक’ आले. त्यात जीमेलसारखे दुसऱ्या सेवेचे खाते जोडले की ते मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही नेले जातात. प्रोग्रॅम तसे आधी विचारतो, पण आपण ‘कंटिन्यू’ दाबून पुढे जातो. कुपोषित बालकांच्या यादीची प्रत आणखी एका कंपनीकडे जायला हवी का, याचा विचार तो प्रश्न वाचून करा.

जोडणीच्या सेटिंग्जमध्ये फार वेळ घालवायला नको. येणाऱ्या मेलला आयमॅपसाठी पोर्ट ९९३ आणि एसएसएल-टीएलएस, जाणाऱ्या मेलला ४६५ वर तेच किंवा ५८७ वर स्टार्ट-टीएलएस असे दिसले की वाटेत मेल उघडा जात नाही. ‘नन’ असे दिसले तर बदला. थंडरबर्डने २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून टीएलएसच्या जुन्या, कमकुवत आवृत्त्या नाकारायला सुरुवात केली, म्हणून स्वस्त होस्टिंगवरच्या काही शाळांच्या जुन्या खात्यांना अडचण येऊ शकते. अशा वेळी प्रमाणपत्राचा इशारा आला की ‘कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन’ दाबून पुढे जाऊ नका. आधी संगणकाची तारीख बरोबर आहे का पाहा, कारण जुन्या संगणकाची आतली बॅटरी संपलेली असली की लाईट गेल्यानंतर तारीख मागे जाते आणि नेमका हाच इशारा येतो. तारीख ठीक असेल तर होस्टिंगवाल्याला फोन करा.

मेलमधल्या चित्रांबद्दल थंडरबर्ड आधीच सावध असतो. बाहेरच्या सर्व्हरवरून आणायची चित्रे तो रोखून धरतो आणि वर एक पट्टी दाखवतो. कारण त्यातले एखादे चित्र एका ठिपक्याएवढे असते. ते उतरले की पाठवणाऱ्याला कळते की हा पत्ता जिवंत आहे, मेल किती वाजता उघडला आणि कोणत्या इंटरनेट जोडणीवरून. गरज वाटली तर तेवढ्या एका मेलपुरती चित्रे दाखवा, सगळ्यांसाठी कायमची परवानगी देऊ नका. ‘व्ह्यू’ मेनूमध्ये ‘मेसेज बॉडी ॲज’ खाली ‘प्लेन टेक्स्ट’ निवडले तर मेल नुसत्या मजकुरात दिसतो. दिसायला रुक्ष, पण लिंकमागे लपलेला खरा पत्ता उघडा पडतो. वाचल्याची पोच मागणाऱ्यांनाही ती दर वेळी द्यायलाच हवी असे नाही, सेटिंग्जमध्ये ‘आस्क मी’ ठेवा.

जोडपत्रांतून होणारा घात जुनाच आहे. मे २००० मधला ‘आय लव्ह यू’ विषाणू प्रेमपत्राच्या नावाने जगभरच्या आउटलुकमधून पसरला. त्याच्या फायलीचे खरे शेपूट विंडोजने लपवले होते, म्हणून ती साधी मजकुराची फाइल वाटत होती. इतक्या वर्षांनंतरही विंडोज फायलींची शेपटे आपणहून लपवतेच. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. मग ‘शिष्यवृत्ती यादी पीडीएफ’ अशा नावामागे दडलेले ‘ईएक्सई’ दिसेल, आणि ती फाइल उघडायची नाही हे कळेल. इंटरनेटवरून आलेल्या कागदांतले मॅक्रो, म्हणजे कागदाच्या आत बसवलेले छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप रोखायला सुरुवात केली. ‘यादी पाहण्यासाठी मॅक्रो चालू करा’ असे कोणी लिहिले तर तो कागद पाठवणाऱ्या कार्यालयाला फोन लावा. तालुक्यात एकमेकांना ओळखणारी माणसे आहेत, एका फोनवर शहानिशा होते. ही आपली मोठी ताकद आहे, ती वापरा.

फोन करायचाच अशी आणखी एक वेळ म्हणजे पैशांचा मेल. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढचे देयक इथे भरा’ असा पुरवठादाराचा मेल आला तर मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका, तुमच्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर करा. पाठवणाऱ्याचे नाव काहीही लिहिता येते, म्हणून नावावर विसंबू नका, पूर्ण पत्ता पाहा. विदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या देणग्या पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्याव्या लागतात. आपल्या देणगीदारांना हे एकदा लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या नावाने कोणी वेगळे खाते कळवले तर त्यांनाच शंका येईल.

आता आपल्या हातून होणाऱ्या गळतीकडे येतो. माझ्या मते बाहेरच्या चोरापेक्षा याने जास्त नुकसान होते. पत्त्याची पहिली दोन अक्षरे टाइप केली, प्रोग्रॅमने नाव पुरे केले, आणि आरोग्य केंद्राला जायची यादी कोण्या छपाईवाल्याला गेली. पाठवण्याआधी पत्त्याची ओळ मोठ्याने वाचायची सवय लावा. साठ शाळांना एकच मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते ‘बीसीसी’मध्ये घाला. ‘टू’ आणि ‘सीसी’मध्ये खूप पत्ते असले तर अलीकडचा थंडरबर्ड स्वतः इशारा देतो, तो बंद करू नका. जोडपत्र राहून गेल्याची आठवण करून देणारी सोयही त्यात आहे, पण ती इंग्रजी शब्द शोधते. सेटिंग्जमध्ये ‘कंपोझिशन’ खाली तिच्या शब्दांच्या यादीत ‘सोबत’, ‘जोडले’, ‘जोडपत्र’, ‘यादी’ असे आपले शब्द भरा. हा सुरक्षेचा प्रश्न कसा, असे वाटेल. जोडपत्र विसरले की घाईघाईने दुसरा मेल जातो, आणि चुकीची फाइल याच घाईत जाते.

यादी पाठवतानाच तिच्यातले कमी करा. मागणाऱ्याला खरोखर आधार क्रमांक हवा आहे का, ते विचारा. आधारची प्रत द्यायचीच असेल तर शेवटचे चार अंक सोडून बाकीचे झाकलेली प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढता येते. वजन-उंचीच्या तक्त्यात नावाऐवजी नोंदणी क्रमांक चालत असेल तर तोच घाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालवणाऱ्यांनी तो वाचून ठेवावा.

राहता राहिले मेल कूटबद्ध करून पाठवणे. थंडरबर्डमध्ये २०२० पासून ओपनपीजीपी आतच बसवलेले आहे, वेगळे काही जोडावे लागत नाही. दोन्ही बाजूंकडे किल्ल्या असल्या तर मधला कोणीही, मेल-कंपनीसुद्धा, मजकूर वाचू शकत नाही. कोणी कोणाला आणि केव्हा पाठवले ते मात्र दिसतेच. एखादी संस्था आणि तिचे मुंबईतले कार्यालय यांच्यात नेहमी संवेदनशील कागद जात असतील तर हे एकदा बसवून घ्यावे आणि खासगी किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कुलुपात ठेवावी. पण तालुक्यातल्या बाकीच्या कार्यालयांकडून ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. तिथे सोपा मार्ग असा: यादीची फाइल ७-झिपमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये पासवर्ड घालून जतन करा, ती मेलने पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. तोच पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलात तर सगळे फुकट. आणि शाळेचे नाव व साल जोडून पासवर्ड करू नका, तो कोणीही ओळखेल. आपसात ठरवलेले चार असंबद्ध मराठी शब्द ओळीने घ्या.

तरीही काही घडलेच, खात्यातून भलतेच मेल जायला लागले किंवा लॉगिनचा अनोळखी इशारा आला, तर आधी त्या संगणकाचे इंटरनेट तोडा. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून किंवा फोनवरून पासवर्ड बदला, सगळ्या यंत्रांवरचे लॉगिन बंद करा, ओऑथचे परवाने रद्द करा. मग खात्याच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ पाहा. घुसखोर अनेकदा जाताना येणारा प्रत्येक मेल स्वतःकडे वळवण्याची व्यवस्था करून ठेवतो आणि पासवर्ड बदलल्याने ती जात नाही. कोणत्या याद्या त्या खात्यात होत्या ते लिहून काढा आणि ज्यांची माहिती आहे त्यांना, निदान त्यांच्या पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला किंवा शिक्षकांना, स्वतः जाऊन सांगा, म्हणजे ‘बँकेतून बोलतोय’ असा फोन आला तर ती माणसे सावध असतील. पैसे गेले असतील तर थांबू नका. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक १९३० आहे आणि पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. संशयित मेल पुसू नका. थंडरबर्डमध्ये तो ‘सेव्ह ॲज’ करून फाइल म्हणून जपून ठेवा, कारण स्क्रीनच्या फोटोत न दिसणारा त्याचा सर्व्हरपर्यंतचा माग त्या फाइलमध्ये असतो आणि पोलिसांना तोच लागतो.